पिवळ्या दिव्यातला एक सेकंद

दिवेदादाला कुणी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" तर तो म्हणायचा, "लोकांना थांबवतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, हा पोलीस असणार. मग तो हसून सांगायचा, "पोलीस नाही हो. पोलिसाचं कुठे कोण ऐकतं? माझं ऐकतात."

तो शहराच्या पालिकेत सिग्नलचा मिस्त्री होता. मिसरूड फुटायच्या आत नोकरीला लागला, तेव्हा काम एवढंच, की म्हाताऱ्या मिस्त्रीने शिडी लावली की खाली धरून उभं राहायचं. मग दिव्यांच्या काचा पुसायला मिळाल्या, मग तारा, आणि बऱ्याच वर्षांनी पेटी. प्रत्येक चौकाच्या कोपऱ्यात छातीएवढ्या उंचीची एक राखाडी लोखंडी पेटी असते. लोक तिच्यावर जाहिराती चिकटवतात, कुत्री पाय वर करतात, आणि दिव्यांचा सगळा मेंदू मात्र तिच्या आत असतो. त्या पेट्यांच्या किल्ल्यांचा जुडगा दिवेदादाच्या कमरेला असायचा. तो चालत आला की आधी जुडगा ऐकू यायचा, मग तो दिसायचा.

म्हातारा मिस्त्री त्याला सांगून गेला होता, "लाल नि हिरवा कुणीही लावेल. पिवळा लावायचा तर चौकात उभं राहून माणसं बघावी लागतात." दिवेदादा खरोखर उभा राहायचा. उतार कुठे आहे, जड गाड्या कुठून येतात, शाळा कुठल्या अंगाला सुटते, हे बघून पिवळा ठरवायचा. बहुतेक चौकांत चार सेकंद. एवढ्यात जो थांबू शकतो तो थांबतो, आणि ज्याला थांबणं जमणार नाही तो निघून जातो. त्याची बायको म्हणायची, "घरात साधा बल्ब गेला तर आठ दिवस लावत नाहीत, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे लाड बघा!"

बायको पालिकेच्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात आया होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. आईबाप लवकर गेले, त्यामुळे धाकट्या बहिणीला दिवेदादानेच वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. मेहुणा एका बेकरीची गाडी चालवायचा. दुकानादुकानांत पाव पोचवायचा म्हणून सगळे त्याला पाववाला म्हणत. रविवारी बहीण, पाववाला आणि त्यांच्या दोन मुली दिवेदादाकडे यायच्या. दोन खोल्यांत सहा माणसं, आणि पाववाल्याच्या गप्पा सातव्या माणसाएवढी जागा खायच्या.

हे सगळं बरं चाललेलं असताना शहराचा मोठा कारखाना उठला. कर माफ करा म्हणाला, पालिकेने माफ केला. अजून माफ करा म्हणाला, तोही केला. तेवढ्यात पलीकडच्या शहराने त्याहून जास्त माफ करायची तयारी दाखवली, आणि कारखाना तिकडे गेला. पालिकेची तिजोरी रिकामी पडली. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक विझवले, वाचनालयाला कुलूप लागलं आणि इस्पितळातला हाडांचा वॉर्ड बंद झाला. दिवेदादाची बायको घरी बसली. पहिले काही दिवस तिने सगळे डबे घासले. मग घासायला काही उरलं नाही.

अशा वेळी कॅमेऱ्यांची कंपनी शहरात आली. लाल दिवा तोडणाऱ्या गाडीचा फोटो काढायचा आणि घरी दंडाची चिठ्ठी पाठवायची. कॅमेरे कंपनीचे, खांब कंपनीचे, पालिकेचा खर्च शून्य. दंडातला वाटा तेवढा कंपनीला. आणि एक लहानसं कलम होतं: ठरलेल्यापेक्षा दंड कमी जमला, तर फरक पालिकेने भरायचा. त्या कलमावर सभेत फक्त एक बाई बोलल्या. त्या विरोधी बाजूच्या सभासद होत्या, आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे लोकांनी नियम पाळले तर आपलं नुकसान?" सगळे हसले आणि हात वर झाले.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. दंडाच्या पैशावर हाडांचा वॉर्ड पुन्हा उघडला. दिवेदादाची बायको कामावर गेली, ती पहिल्या दिवशी येताना पेढा आणावा तशी सगळ्यांसाठी केळी घेऊन आली. दिवेदादाही खूश होता. लाल तोडणाऱ्यांचा त्याला मनापासून राग होता, आणि आता ते खरंच थांबू लागले होते. चौकात उभं राहून तो बघायचा. गाड्या रेषेच्या आत कशा शहाण्यासारख्या उभ्या!

लोक शहाणे झाले आणि पालिकेवर अवकळा आली. दंड घटला. फरक भरायची वेळ आली.

सिग्नल खात्याच्या साहेबाने दिवेदादाला बोलावलं. साहेब मुळात वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर मुलांचा फोटो होता आणि खिडकीत एक कुंडी, तिला तो स्वतः पाणी घालायचा. खुर्चीत कंपनीचा माणूस बसला होता. तो दिवेदादाला बघून उभा राहिला. एवढा मान दिवेदादाला त्या खोलीत कुणी दिला नव्हता.

"आठ चौकांत पिवळा तीनवर आणायचा," साहेब म्हणाला.

"का हो साहेब?"

"वाहतूक वेगाने हलेल."

"तीन सेकंदांत उतारावरची गाडी थांबत नाही. एक तर लाल तुटणार, नाहीतर मागचा येऊन आदळणार."

कंपनीचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "लाल तुटला तर त्यासाठी आम्ही आहोतच."

"मला लेखी द्या," दिवेदादा म्हणाला.

साहेबाने कुंडीकडे बघितलं. "लेखी मागितलंस तर बदलीही लेखीच मिळेल, दादा. ते सोड. वॉर्डाचं बघ. फरक भरायला लागला तर पहिलं कुलूप कुठे लागेल, तुला ठाऊक आहे. वहिनींना परत घरी बसवायचंय?"

दिवेदादाने त्याच आठवड्यात आठही पेट्या उघडल्या. प्रत्येक चौकात कामाला मिनिटभर लागलं. उतारावरच्या चौकात पेटी बंद करून तो बराच वेळ उभा राहिला. पिवळा लागायचा, अजून राहील असं त्याला वाटायचं, आणि तेवढ्यात विझायचा. जसा बोलता बोलता कुणी शब्द तोडावा. घरी बायकोने विचारलं, "आज गप्प का?" तो म्हणाला, "डोकं दुखतंय."

दंडाच्या चिठ्ठ्या पुन्हा पावसासारख्या पडू लागल्या. दोन पाववाल्याच्या घरी पडल्या.

रविवारी पाववाला तावातावाने सांगत होता, "आयुष्यात कधी लाल तोडला नाही! मी पिवळ्यात शिरतो आणि मधेच लाल. हा काय चमत्कार आहे? दादा, तुमचे दिवे म्हातारे झालेत, त्यांना चष्मा लावा."

सगळे हसले. बहीण हसली नाही. "तिसरी चिठ्ठी आली की परवाना जाणार," ती म्हणाली. "बेकरीवाल्याने सांगितलंय, परवाना गेला तर गाडीही गेली. दादा, काही करता येतं का रे?"

दिवेदादाच्या ओठांवर खरं आलं होतं. पण बायको तिथेच ताटं मांडत होती. इस्पितळाच्या साबणाचा वास अजून तिच्या हाताला होता. तो पाववाल्याला म्हणाला, "एक ऐका माझं. पिवळा दिसला रे दिसला की ब्रेक दाबा. विचार करत बसू नका."

"हुकूम, साहेब," पाववाला म्हणाला आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

त्याने ऐकलं. उतारावरच्या चौकात पिवळा दिसताच त्याने ब्रेक दाबला. मागून सिमेंटचा ट्रक येत होता. ट्रकवाल्याला वाटलं, पावाची गाडी निघून जाईल, तिच्यामागून आपणही निघू. तो वाईट चालवत नव्हता. प्यायलेलाही नव्हता. त्याला फक्त थांबता आलं नाही. बेकरीची गाडी चेपली, रस्ताभर पाव पसरले, आणि लोकांनी पाववाल्याला बाहेर काढलं तेव्हा तो सारखं म्हणत होता, "पाय कुठे आहेत बघा, माझे पाय कुठे आहेत बघा." पाय जागेवरच होते. पाठीचा कणा तुटला होता.

त्याला हाडांच्या वॉर्डात आणलं. दिवेदादाच्या बायकोनेच त्याचे कपडे कापून काढले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण कमरेखालचं आता विसरा. चार दिवसांनी पाववाला शुद्धीवर आला. दिवेदादा पलंगाशी उभा होता. पाववाला बारीक आवाजात म्हणाला, "दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं हो. लगेच दाबला."

दिवेदादा बाहेर गेला. इस्पितळाच्या मागच्या जिन्यात बहीण बसली होती. तिथे त्याने तिला सगळं सांगितलं. पेट्या, साहेब, वॉर्ड, एक सेकंद. त्याचं संपल्यावर तिने विचारलं, "वहिनीला माहीत होतं?"

"नाही."

"मग रविवारी मी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

तो कमरेचा जुडगा चाचपू लागला.

"तू मला लहानपणी रस्ता ओलांडून द्यायचास," ती म्हणाली आणि उठली. जिना चढताना तिने कठडा घट्ट धरला होता. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. मग तेही बंद झालं. घरात बायकोने एवढंच म्हटलं, "माझ्यासाठी केलंत असं कुणाला सांगू नका. मला ते ओझं नको." आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली, कारण पाववाल्याला कूस बदलायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

दिवेदादाला वाटलं, आता निदान तोंड उघडावं. तो खणखणीत आवाजाच्या सभासदबाईंकडे गेला. बाईंनी त्याला चहा पाजला, सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "याचीच वाट बघत होते मी!" त्यांनी सभा घेतल्या, वर्तमानपत्रांत आणलं. ज्यांना दंड झाला होता ते हजारो लोक पैसे परत मागू लागले. बहिणीने पालिकेवर भरपाईचा दावा लावला. चौकशीसाठी समिती बसली. समितीत पालिकेचे दोघे होते, पोलिसांचा एक, आणि कंपनीचे दोन तज्ज्ञ, कारण या विषयातले तज्ज्ञ दुसरीकडे कुठे नव्हतेच. जे होते त्यांना कंपनीने नोकरीला ठेवलं होतं.

साक्षीच्या दिवशी दिवेदादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला पिवळ्याबद्दल विचारणार होतं. त्याने उताराचं सांगितलं, जड गाड्यांचं सांगितलं, साहेबाने तोंडी हुकूम दिला तेही सांगितलं. साहेब समोरच बसला होता. तो नाही म्हणाला नाही, फक्त खाली बघत राहिला.

कंपनीच्या वकिलाने एकच गोष्ट विचारली. "चार सेकंद असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

"कायद्यात नाही. खात्याच्या जुन्या पुस्तकात आहे. आणि आमच्या मिस्त्रींनी—"

"पुस्तक म्हणजे कायदा का?"

"नाही."

"मग कायदा कुणी मोडला?"

दिवेदादा म्हणाला, "माझ्या मेहुण्याचा कणा मोडला." वकिलाने मान लववली. त्यालाही वाईट वाटलं असावं. मग त्याने पुढच्या साक्षीदाराला बोलावलं.

समितीने चार महिन्यांनी निष्कर्ष काढला: पिवळा किती असावा याबद्दल कायद्यात संदिग्धता आहे, ती तातडीने दूर व्हावी. दिवेदादाला हा आपला विजय वाटला. तो धावत सभासदबाईंकडे गेला. बाईंना मात्र ती भाषा कळत होती. त्या म्हणाल्या, "थांबा, दादा. एवढ्यात हुरळू नका."

संदिग्धता दूर झाली. राजधानीत कायदा करायचं ठरलं, पण विधी खात्यात माणसं नव्हती, पगाराला पैसे नाहीत म्हणून निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कंपनीच्या वकिलांनी मसुदा फुकट लिहून दिला. धर्माच्या गाईचे दात कोण मोजणार? कायद्यात लिहिलं, पिवळा किमान तीन सेकंद. आणि खाली बारीक अक्षरात, की हा कायदा कॅमेरे लागले त्या तारखेपासून लागू समजावा. म्हणजे झाले ते दंड कायदेशीर, केलेली कपात कायदेशीर, उतारावरचा चौकही कायदेशीर. हजारो लोकांचे अर्ज एका फटक्यात निकाली निघाले. बहिणीचा दावा न्यायाधीशबाईंनी फेटाळला. त्या म्हणाल्या, "मला सहानुभूती आहे, पण पालिका कायद्याप्रमाणेच वागलेली दिसते." बहीण कोर्टातून बाहेर आली तेव्हा दिवेदादा फाटकाशी उभा होता. ती त्याच्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेली.

सगळ्या आशा आता निवडणुकीवर होत्या. बाईंनी प्रचारच कॅमेऱ्यांवर केला होता, आणि त्या निवडून आल्या, नुसत्या निवडून नाही, पालिकेच्या प्रमुख झाल्या. दिवेदादा हार घेऊन गेला नाही, पण गर्दी ओसरल्यावर केबिनमध्ये गेला. जुनी खुर्ची, जुना पडदा, नव्या बाई. त्यांनी पुन्हा चहा मागवला, पण या वेळी कपाशी बोटं खेळवत राहिल्या.

"दादा, करार अजून बारा वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या. "मोडला तर भरपाई एवढी, की पालिका विकावी लागेल. पिवळा वाढवला तर दंड घटणार, फरक आपण भरायचा. तो कुठून आणू? मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी वॉर्डच सापडतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे मेहुणे ज्या पलंगावर आहेत ना, तो त्या सेकंदावर उभा आहे." त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत नव्हता. "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?"

दिवेदादाने कप उचलला. त्यांच्या जागी नसतानाही त्याने तेच केलं होतं. चहा संपवून तो निघाला. दाराशी बाई म्हणाल्या, "माझ्यावर रागावू नका." तो म्हणाला, "नाही." आणि ते खरं होतं. राग धरायला कुणी समोर सापडतच नव्हतं. साहेब पोराबाळांचा, ट्रकवाला बिचारा, न्यायाधीशबाई कायद्याच्या, बाई वॉर्डाच्या. कंपनीचा माणूससुद्धा आता दुसऱ्या शहरात गेला होता, त्याला तिथे बढती मिळाली होती.

दिवेदादाला कुणी नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर पेपरात आलं असतं. कायदा किमान तीन म्हणतो, म्हणून उरलेल्या चौकांतही तीनच ठेवायचं ठरलं आणि ते काम त्यालाच दिलं. तो नाही म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी कंपनीची दोन पोरं लॅपटॉप घेऊन आली, शिडीही नाही, किल्लीही नाही, आणि दुपारच्या जेवणाआधी शहर उरकून गेली. पुढे पेट्या ऑफिसातूनच चालू लागल्या. दिवेदादाचा जुडगा कमरेला राहिला, पण त्या किल्ल्यांनी काही उघडायची गरज उरली नाही. त्याला भांडारात बसवलं. जुन्या काचा, जुने दिवे, मोडक्या शिड्या.

पाववाल्याला घरी आणलं. बहीण बेकरीत पाव भरायला जाऊ लागली. थोरल्या मुलीने शाळा सोडली, बापाला उठवायला-बसवायला घरात कुणीतरी लागायचं. पाववाला हल्ली फारसं बोलत नाही, असं दिवेदादाला बायकोकडून कळायचं. ती दर रविवारी जायची, एकटीच. एकदा तोही बरोबर निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला, बहिणीची खिडकी दिसली आणि तिथूनच मागे फिरला. बायकोने आग्रह केला नाही.

त्यानंतरच्या वर्षी परराज्यातल्या एका शहराची मंडळी हा कारभार बघायला आली. त्यांचाही कारखाना गेला होता, त्यांचंही इस्पितळ बंद पडलं होतं. साहेबाने त्यांना चौकात नेलं आणि जुनी पेटी दाखवायला भांडारातून दिवेदादाला बोलावलं. पाहुण्यांत एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. बाकीचे कॅमेऱ्याचे फोटो काढत असताना ती दिव्याकडे बघत होती. तिने हळूच दिवेदादाला विचारलं, "काका, हा पिवळा जरा लवकर जात नाही का?"

"जातो," दिवेदादा म्हणाला.

"मग लोक काही बोलले नाहीत?"

"बोलले की."

तिने वाट पाहिली. तो पुढे काही सांगेल असं तिला वाटलं. पण सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची, हे त्याला समजेना. तेवढ्यात साहेब पुढे आला. "सुरुवातीला थोडा विरोध होतो," तो पाहुण्यांना म्हणाला. "नंतर आम्ही रीतसर कायदा केला." त्यांच्यातल्या प्रमुखाने मान डोलावली आणि कायद्याची प्रत मिळेल का विचारलं. मिळेल म्हणाला साहेब, आणि मसुदा लिहून देणाऱ्या वकिलांचा पत्ताही देतो म्हणाला, ते पैसे घेत नाहीत.

सगळे जेवायला निघाले. ती मुलगी एकदा मागे वळून बघत गाडीत बसली. दिवेदादाने पेटी बंद केली आणि भांडाराकडे चालू लागला. रस्ता ओलांडायचा होता. पादचाऱ्यांच्या दिव्यात हिरवा माणूस दिसत होता, पण दिवेदादा उतरून येणाऱ्या गाड्यांकडे बघत फुटपाथच्या कडेला उभाच राहिला. मागची माणसं त्याला वळसा घालून पुढे गेली.